‘चालेल’ म्हणजे हो का? संमतीची चौकशी करताना

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची तक्रार आली आहे. खारघरला वर्गमित्राच्या फ्लॅटवर चौघं अभ्यासाला जमली होती. दोघं निघून गेल्यावर मित्र अंगचटीला आला आणि थांबला नाही. मुलाचं म्हणणं, “ती नाही म्हणालीच नव्हती.” मुलीचं म्हणणं, “मी गोठून गेले होते. ‘चालेल’ म्हटलं होतं ते आणखी अर्धा तास थांबायला.” समितीत दोन तट पडले आहेत. सदस्यांचे प्रश्न तीन: कायद्याला होकार लागतो की नकार नसणं पुरतं? चौकशीत विचारायचं काय? आणि पुढच्या वर्षीच्या मुलांना शिकवायचं काय?

पहिल्याचं उत्तर लगेच देतो. कायद्याला होकार लागतो आणि तो आजकालचा नियम नाही. ३ फेब्रुवारी २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३७५ मध्ये संमतीची व्याख्या आहे. १ जुलै २०२४ ला नवी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा तीच व्याख्या कलम ६३ च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात बसली. साध्या मराठीत ती अशी: संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार. तो शब्दांतून, हावभावांतून किंवा आणखी कुठल्या खुणेतून बाईने कळवलेला असला पाहिजे. आणि तो त्या विशिष्ट कृतीपुरता असतो. खाली एक जोडही आहे: शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणावरून संमती होती असं धरायचं नाही.

‘कळवलेला’ आणि ‘विशिष्ट कृतीपुरता’ हे दोन शब्द समितीने मोठ्या अक्षरांत लिहून समोर ठेवावेत. इच्छा मनात होती की नव्हती, हे शोधायला कोणी मनकवडा लागत नाही. ती बाहेर आली का, कशी आली, आणि नेमक्या कशाबद्दल होती, एवढं बघायचं. फ्लॅटवर थांबायचा होकार थांबण्यापुरता. चुंबनाचा होकार चुंबनापुरता. गेल्या महिन्यातला होकार गेल्या महिन्याचा.

एक खुलासा आधीच करतो, कारण इथे समित्या घसरतात. ही व्याख्या बलात्काराच्या कलमाखालची आहे. नकोसा स्पर्श, लगट, लैंगिक मागणी यांना कलम ७४ आणि ७५ आहेत. तुमच्या समितीला यातला कुठलाच गुन्हा सिद्ध करायचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनुसार तुमची कसोटी ‘नकोसं लैंगिक वर्तन’ ही आहे; पुराव्याचं माप अशा अंतर्गत चौकशीत ‘कोणती बाजू अधिक संभवनीय’ हे. ‘संशयातीत पुरावा’ हे फौजदारी कोर्टाचं माप आहे. ते समितीच्या टेबलावर आणलंत तर जवळजवळ प्रत्येक तक्रार ‘पुराव्याअभावी’ निकाली निघेल. चार भिंतींआड साक्षीदार नसतोच.

मग ‘विरोध का केला नाही?’ हा प्रश्न इतका चिवट का? त्याचं एक मूळ आपल्या राज्यातच आहे. २६ मार्च १९७२ ला तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला झाला. मथुरा खटला म्हणून तो ओळखला जातो. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि हतबल होऊन शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा फरक स्पष्ट केला. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये तो निकाल फिरवला: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पण संमतीबाबत तेव्हा बदललं ते मुख्यतः कोठडीतल्या बलात्कारापुरतं: मुलगी संमती नव्हती म्हणाली तर कोर्टाने ते गृहीत धरायचं. संमती म्हणजे काय, हे लिहायला आणखी ३० वर्षं लागली. डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली घटना आणि २३ जानेवारी २०१३ चा न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल यावा लागला. म्हणजे जखमा शोधण्याची सवय व्याख्येपेक्षा कितीतरी जुनी. पुस्तकातलं कलम बदललं, तरी प्रश्न विचारणाऱ्याची जीभ बदलायला वेळ लागतो.

मराठीत तर ‘संमती’ हा शब्द चावडीवर आला तोच आकडा म्हणून. १८९१ चा संमतिवयाचा कायदा: १० वरून १२. आगरकर बाजूने, टिळक विरोधात, आणि त्याआधीची काही वर्षं रखमाबाईंचा खटला गाजलेला. लहानपणी लावून दिलेलं लग्न मान्य नाही, नवऱ्याकडे जाणार नाही, असं एक बाई मुंबईच्या कोर्टात सांगत होती, आणि तिच्या म्हणण्यापेक्षा समाजात खल झाला तो रूढीचा आणि वयाचा.

आता कायद्यातली उणीव. होकार कळवलेला असावा, असं आपलं कलम म्हणतं. पण समोरच्याने तो विचारायला हवा, असं कुठे लिहिलेलं नाही. कॅनडात आरोपीने संमतीची खात्री करण्यासाठी रास्त पावलं उचलली का, हे बघतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात जून २०२२ पासून, काहीही न विचारता ‘मला वाटलं तिची इच्छा आहे’ म्हणणाऱ्याचा समज एरवी रास्त धरला जात नाही. स्वीडनने २०१८ मध्ये कायद्याचा पायाच स्वेच्छेने सहभाग हा केला. आपल्याकडे ही जागा मोकळी राहिली, म्हणून २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात एका खटल्यात ‘दुबळा नकार हा होकार असू शकतो’ असा तर्क निकालपत्रात आला आणि आरोपी सुटला. व्याख्या तेव्हाही हीच होती. म्हणून ‘आपल्याकडे होकाराचा कायदा आहे’ आणि ‘आपल्याकडे तसा कायदा नाही’ ही दोन्ही वाक्यं अर्धी खरी. मजकुरात आहे; वापरात न्यायाधीशागणिक बदलतो. विवाहात तर मजकुरातही नाही: पत्नी १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याला कलम ६३ मधून सूट आहे. वेगळं राहत असतील तर कलम ६७ लागतं, आणि एकत्र राहत असतील तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातला लैंगिक छळ, हा मुख्य मार्ग.

ही मोकळी जागा समिती मात्र भरू शकते, कारण विचारायचं काय हे समितीच्या हातात असतं.

आधी भाषेकडे बघा. मराठी माणूस तोंडावर ‘नाही’ फार कमी म्हणतो. पंगतीत ‘नको’ म्हटलं की वाढपी आणखी एक पुरणपोळी टाकतो; पहिला नकार धरायचाच नसतो, हा संस्कार पानावर बसल्यापासूनचा. पोराला पाहुण्यांसमोर ढकलून ‘काकांना पापा दे’ म्हणायचं, ते मागे सरलं की ‘लाजतोय’ म्हणायचं. पाहण्याच्या कार्यक्रमात मुलगी गप्प बसली की ‘पसंत आहे’. ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे संस्कृत न येणाऱ्यालाही पाठ असतं. तर नकार सापडायचा कुठे? तो अशा वाक्यांत असतो: ‘उशीर झालाय.’ ‘आई वाट बघत असेल.’ ‘आत्ता नको.’ ‘बघू नंतर.’ ‘राहू दे ना.’ ‘कोणी येईल.’ ‘मला कसंतरी होतंय.’ ‘हार्बरची शेवटची गाडी चुकेल.’ यातलं एकही वाक्य जबाबात आलं तर त्याखाली रेघ मारा. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो. याच वाक्याने कोणी त्याला चहाचं निमंत्रण टाळलं असतं तर त्याला ते बरोबर समजलं असतं.

आणि ‘चालेल’. हा मराठीतला सगळ्यात फसवा शब्द आहे. ‘हवंय’ ही इच्छा. ‘चालेल’ ही तडजोड. चहात साखर कमी पडली तरी चालतं, खिडकीची जागा नाही मिळाली तरी चालतं. शब्दात होकार असतो, पण इच्छा असेलच असं नाही. म्हणून ‘चालेल’ आला की पुढचे दोन प्रश्न ठरलेले: कशाला चालेल? आणि त्याआधी समोरचा काय म्हणाला होता? तुमच्या प्रकरणात आधीचं वाक्य ‘अजून अर्धा तास थांबतेस का?’ हे असेल, तर ‘चालेल’ तिथेच संपला. पुढच्या कुठल्याही गोष्टीला तो लावता येणार नाही.

आता चौकशी. तक्रारदाराला पहिल्यांदा सलग बोलू द्या. मध्ये ‘किती वाजता?’ सुद्धा नाही. घाबरलेल्या माणसाची आठवण घड्याळाच्या क्रमाने येत नाही; मध्येच पंख्याचा आवाज, उशीचा अभ्रा, मग एकदम स्टेशन. क्रम नंतर लावता येतो. दुसऱ्या फेरीत उघडे प्रश्न: मग काय झालं? तो काय म्हणाला? तू काय म्हणालीस? अंगाने काय केलंस? तेव्हा काय वाटत होतं? ‘ओरडली का नाहीस’, ‘गेलीसच कशाला’, ‘आधी तुमचं काही होतं का’ हे प्रश्न नकोत. पूर्वीच्या संबंधांवरून संमती ठरवता येत नाही. कोर्टातही ते चालत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम ४८ ने बंद केलं आहे.

गोठून जाण्याबद्दल समितीतल्या कोणालातरी शंका असेलच. स्टॉकहोममध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बलात्कारानंतर तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी ७० टक्के जणींनी त्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या लुळं पडल्याचं, हलता न आल्याचं सांगितलं. लढा किंवा पळा यांच्याबरोबर गोठा ही शरीराची तिसरी तऱ्हा आहे आणि ती ठरवून होत नाही. तेव्हा ‘गोठले’ या शब्दावर थांबू नका; हात कुठे होते, डोळे कशाकडे होते, आवाज फुटत होता का, हे विचारा. तपशील येतो, आणि तपशिलातूनच विश्वासार्हता ठरते.

मुलाला विचारायचा प्रश्न ‘ती नाही म्हणाली का?’ हा नाही. विचारायचं ते असं: तिची इच्छा आहे, हे तुला कशावरून कळलं? तिने काय म्हटलं किंवा केलं? त्याआधी तू काय विचारलंस? ती गप्प झाली तेव्हा तू काय केलंस? उत्तरात ठोस काही येऊ शकतं: तिने स्वतःहून जवळ ओढलं, अमुक म्हणाली. ते तितक्याच काळजीने, त्याच्या शब्दांत लिहा. हावभावातला होकारही कायद्याला होकारच आहे. पण उत्तर ‘तिने काही म्हटलं नाही, म्हणून वाटलं’ एवढंच असेल, तर त्याने स्वतःच होकार नसल्याचं सांगितलं आहे. यात मुलावर अन्याय नाही. त्याला तक्रारीची प्रत ७ दिवसांत, उत्तराला १० दिवस, साक्षीदारांची यादी देण्याची संधी, हे सगळं मिळालंच पाहिजे; यातलं एक चुकलं तर बरोबर निष्कर्षही अपिलात टिकत नाही. त्याचे उलटप्रश्न लेखी घ्या आणि अध्यक्षांमार्फत विचारा. दोघांना समोरासमोर बसवू नका.

जबाब लिहिण्यात जे बिघडतं ते जवळून बघू. मुलगी म्हणाली: “त्याने हात धरला. मी म्हटलं उशीर झालाय. त्याने दिवा बंद केला. मला हलताच येईना. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते.” कागदावर उतरलं: “तद्नंतर आमच्यात जवळीक निर्माण झाली. मी त्यास विरोध केला नाही.” ‘निर्माण झाली’ मध्ये कर्ता गायब, जवळीक जणू पावसासारखी आली. ‘आमच्यात’ मध्ये ती अर्धी भागीदार झाली. ‘उशीर झालाय’ हा नकार गळला. ‘हलताच येईना’ चं ‘विरोध केला नाही’ झालं, म्हणजे असमर्थतेची निवड झाली. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याने फक्त ‘व्यवस्थित मराठी’ लिहिलं. पण पुढे हाच कागद पोलिसांकडे, मग कोर्टात जातो आणि उलटतपासणीत हे एक वाक्य तिच्यासमोर तीनदा वाचलं जातं. उपाय सोपा: प्रथमपुरुषी, तिच्याच शब्दांत, बोलीत असेल तर बोलीत. प्रत्येक वाक्याला कर्ता. ‘संबंध झाले’ नाही, ‘त्याने अमुक केलं’. शेवटी तिला स्वतः वाचू द्या, दुरुस्ती असेल तर खोडून त्यावर तिची सही, प्रत्येक पानावर सही, आणि प्रत तिच्या हातात.

व्हॉट्सॲपबद्दल थोडं. नुसते स्क्रीनशॉट घेऊ नका. पूर्ण चॅट एक्स्पोर्ट करायला सांगा, आधीचे आणि नंतरचे दिवस धरून, आणि मूळ फोन तसाच ठेवायला सांगा. मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू असेल तर ती त्याच दिवशी बंद करा. प्रकरण कोर्टात गेलं तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागतं (न्याय संहितेचं कलम ६३ वेगळं, या योगायोगाने बरेच गोंधळतात). मजकूर वाचतानाही सावध राहा. ‘पोचलीस का?’ ‘हो पोचले. उद्या नोट्स दे.’ असा मेसेज बहुतेक प्रकरणांत सापडतो आणि ‘काही झालं असतं तर अशी बोलली असती का?’ म्हणून दाखवला जातो. काही झालंच नाही असं स्वतःला पटवून वर्गात बसणं, हे फार नेहमीचं वागणं आहे. नंतरचा मेसेज आधीचा होकार होत नाही.

वय तपासा, पहिल्याच दिवशी. पदवीच्या मुली बहुतेक १८ च्या वर असतात, पण आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालय त्याच इमारतीत असतं. १८ खाली असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा). तिथे संमतीचा प्रश्नच उरत नाही आणि माहिती मिळाल्यावर कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाबाबत ते दडवलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘आधी आपण आत चौकशी करू’ हे तिथे चालत नाही. शिक्षकावर आरोप असेल तरी चित्र बदलतं: विश्वासाच्या नात्यातला बलात्कार कलम ६४(२) मध्ये येतो, आणि लैंगिक संबंध सिद्ध होऊन मुलगी संमती नव्हती म्हणाली तर कोर्ट संमती नव्हती असंच धरून चालतं. तक्रारदार मुलगा असेल तर विनियमांखाली समितीकडे येता येतं. न्याय संहितेत मात्र बलात्काराच्या कलमाखाली पीडित म्हणून प्रौढ पुरुषाला जागाच नाही.

घटना खारघरच्या खाजगी फ्लॅटवर झाली, म्हणून ‘समितीला अधिकारच नाही’ असा आक्षेप येईल. विनियमांत परिसराची व्याख्या रुंद आहे, विद्यार्थी या नात्याने जिथे जिथे जातात त्या जागा तिच्यात येतात. पण मित्रांनी आपापसात ठरवलेला अभ्यास त्यात बसतो का, यावर दोन्ही बाजूंनी बोलता येईल. आक्षेप दाबू नका. पहिल्याच बैठकीत ऐका, कारणांसह लेखी निर्णय द्या. नंतर वर्गात तिला टोमणे मारले, तक्रार मागे घ्यायला दबाव आणला, तर तो भाग निर्विवाद तुमचा आहे.

तिने सांगितलेलं बलात्काराच्या व्याख्येत बसत असेल तर पोलिसांत जायचं की नाही, हा १८ वरच्या मुलीचा निर्णय आहे. समितीने ढकलायचं नाही आणि अडवायचंही नाही. समितीकडची चौकशी चालू असली तरी एफआयआर होऊ शकतो. माहिती मात्र पूर्ण द्यायची. ठाण्याच्या पोलीस ठाण्यात गेली तरी ‘हद्द खारघरची आहे’ म्हणून परत पाठवता येत नाही; झिरो एफआयआर नोंदवून पुढे पाठवायचा असतो, आणि असा गुन्हा नोंदवायला नकार देणाऱ्या अधिकाऱ्याला कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं शिक्षा आहे. जबाब महिला अधिकारी घेते, मुलगी म्हणेल तिथे, घरीसुद्धा. दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब वेगळा होतो. वैद्यकीय तपासणी माहिती मिळाल्यापासून २४ तासांत, तिच्या संमतीनेच. तपासणीतला एखादा भाग ती नाकारू शकते, उपचार तरीही मिळतात आणि फुकट मिळतात, खाजगी रुग्णालयातही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, हे तिला आधी सांगून ठेवा. दोन बोटांची चाचणी (बोटं आत घालून पूर्वीच्या संबंधांचा अंदाज घेणारी) करणं गैरवर्तन ठरेल, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये बजावलं आहे.

वेळेचं गणित: गर्भधारणा रोखणारी गोळी आणि एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकं बरं, एचआयव्हीची औषधं पुढे २८ दिवस. शरीरावरचे नमुने ९६ तासांपर्यंत घेतले जातात, ७२ नंतर हाती लागण्याची शक्यता बरीच कमी होते. कपडे न धुता कागदी पिशवीत. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि नमुना जातो. आंघोळ झाली असेल तर हरकत नाही, तरीही जायचं.

नवी मुंबईचा एक घोळ ध्यानात ठेवा. पोलीस आयुक्तालय एक, पण वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आणि खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. मनोधैर्य योजनेच्या (अत्याचार झालेल्या महिला आणि मुलांसाठीच्या राज्य सरकारच्या योजनेच्या) मदतीसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण कोणतं, हे यावरून ठरतं. विधी सेवेच्या १५१०० या हेल्पलाइनवर फोन करून आधी विचारून घेतलं तर ठाण्याचा कोर्टनाका ते रायगडचं अलिबाग असा हेलपाटा वाचतो.

आणि नाव. मुलीची ओळख उघड करणं कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत. वर्गाच्या ग्रुपवर ‘ती कोण’ सुरू झालं की त्याच तासाला ग्रुपच्या ॲडमिनला लेखी सूचना द्या.

‘लग्नाचं आमिष’ प्रकारच्या तक्रारी आल्या तर त्या यात मिसळू नका. न्याय संहितेत त्यासाठी कलम ६९ वेगळं आहे. वचन देतानाच ते पाळायचा इरादा नव्हता का आणि त्या वचनामुळेच होकार दिला का, या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात मांडल्या. लग्न मोडलं म्हणजे संमती मागाहून रद्द झाली, असं होत नाही. माझ्या मते या कलमाने संमतीची चर्चा पुन्हा लग्नाच्या मांडवात नेऊन बसवली आहे, पण ते असो.

आता शिकवणं. सभागृहात ४०० मुलं बसवून भाषण देऊ नका. मागच्या रांगेतलं एक फिदीफिदी हसू सगळं वाया घालवतं. २० ते २५ जणांची तुकडी, ९० मिनिटं, मुलं-मुली एकत्र. कलमं शेवटच्या १५ मिनिटांत. सुरुवात मघाच्या वाक्यांच्या यादीने करा: फळ्यावर ‘उशीर झालाय’, ‘बघू’, ‘चालेल’, ‘हवंय’, ‘राहू दे ना’ लिहा आणि प्रत्येकाला हो, नाही, माहीत नाही यांपैकी एक खूण करायला सांगा. मुलं आणि मुली वेगळ्या खुणा करतील; तिथूनच बोलणं सुरू होतं. मग एक प्रसंग घ्या, ठाण्याच्या उपवन तलावाच्या काठावरचा किंवा वाशीच्या सागर विहारचा, नावं काल्पनिक: तिने हात हातात दिला, मग काढून घेतला, मग हसली. हसली म्हणजे काय, यावर वीस मिनिटं सहज जातात. ‘मग काय दर वेळी फॉर्म भरायचा का?’ हा प्रश्न हमखास येतो. फॉर्म, ॲप, रेकॉर्डिंग यांचा उपयोग नाही, कारण आठ वाजता सही केलेला कागद साडेआठला मन बदललं तर कोरा. उलट, खाजगी क्षणांचं चित्रीकरण तिच्या नकळत केलं तर तो स्वतंत्र गुन्हा. विचारायची वाक्यं मुलांना द्यावीच लागतात, कारण मराठीत ती कोणी ऐकलेली नसतात: ‘हे तुला हवंय का?’, ‘थांबू?’, ‘नको असेल तर सांग, मी रागावणार नाही.’ तोंडाने म्हणायला लावा. पहिल्यांदा हसतील, दुसऱ्यांदा कमी हसतील.

आणि नाकारलं गेल्यावर काय करायचं, हेही शिकवा. ते कोणीच शिकवत नाही. ‘बरं’ म्हणायचं, विषय बदलायचा, तिला रिक्षात बसवून द्यायचं, दुसऱ्या दिवशी मित्रांत चर्चा करायची नाही. इतकंच. ‘का?’ विचारायचं नाही, कारण ‘का’ म्हटलं की तिला कारण शोधावं लागतं आणि कारण खोडून काढायची मराठी पोरांना भारी हौस.

सत्र जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात घ्या, आणि दुसरं गॅदरिंगच्या आधी. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर नोटीस बोर्डावर असतातच. तेच मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला आतल्या बाजूनेही लावा, तिथे नंबर उतरवून घेताना कोणी बघत नाही.